धक्का, रेटा आणि कोपरखळी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत चेन्नई येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानमालेत बोलावयाचे म्हणजे विषयही तसाच भारदस्त असावा, अशी श्रोत्यांची रास्त अपेक्षा असते. मी मात्र आज फार लहान विषय घेऊन आपल्यापुढे उभा आहे. विषय आहे ढकलणे; आणि त्यातही हळूच ढकलणे. इंग्रजीत या एका क्रियेभोवती शब्दांचा मोठा गोतावळा जमलेला आहे. पुश, शव्ह, प्रॉड, पोक, जॉग, नज, प्रॉम्प्ट हे शब्द आपण कचेरीत ऐकतो, वृत्तपत्रांत वाचतो आणि आपली मुले तर ते घरातही सर्रास वापरतात. घाईघाईने भाषांतर करणारा मनुष्य या सर्वांपुढे 'ढकलणे' एवढेच लिहून मोकळा होतो. परंतु या शब्दांतील भेद बारकाईने पाहिले, त्यांची मराठीत कोणाशी सोयरीक जुळते ते तपासले, तर त्यातून आपल्यासारख्या परमुलखात राहणाऱ्या कुटुंबांच्या एका जिव्हाळ्याच्या प्रश्नावर थोडा प्रकाश पडतो, असे मला वाटते. तो प्रश्न कोणता, हे शेवटी सांगेन. आधी शब्दांकडे वळू.

आरंभ आपल्या या शहरापासूनच करू. महाराष्ट्रातून नव्याने चेन्नईस आलेला मनुष्य तमिळ लिपीतील जे पहिले शब्द ओळखू लागतो, त्यांत दुकानांच्या आणि बँकांच्या काचेच्या दारांवरचे दोन शब्द हमखास असतात. एक 'तळ्ळु', म्हणजे ढकला. आणि दुसरा 'इळु', म्हणजे ओढा. त्यानंतर तो बसमध्ये चढतो आणि कोणी वृद्ध गृहस्थ अत्यंत नम्रपणे त्याला 'कोंजम् तळ्ळि उक्कारुंगो' असे म्हणतात. दारावरचा शब्द ध्यानात असल्यामुळे बिचारा बुचकळ्यात पडतो, की येथे कोणाला ढकलून बसावयाचे? हळूहळू त्यास उमगते की येथे 'तळ्ळि' म्हणजे 'जरा सरकून'. पुढे आषाढाच्या सुमारास, तमिळ आडि महिन्यात, टी. नगरच्या कापडदुकानांवर 'आडि तळ्ळुपडि'चे फलक झळकतात आणि त्याला कळते की किमतीतून जे बाजूला ढकलले जाते ती सूट, तेच तळ्ळुपडि. न्यायालयाने अर्ज फेटाळला तरी तोही तळ्ळुपडिच होतो. हातगाडी म्हणजे 'तळ्ळु वंडि', आणि काम लांबणीवर टाकणे म्हणजे 'तळ्ळि पोडु'. या शेवटच्या प्रयोगापाशी आपण मराठी माणसे क्षणभर थांबतो. कारण आपणही सभा 'पुढे ढकलतो' आणि कामाची 'चालढकल' करतो. मराठी आणि तमिळ या दोन भिन्न कुळांतल्या भाषा. पण काम टाळण्याच्या बाबतीत दोन्हींना हाताची एकच हालचाल सुचली, ही गोष्ट मनोरंजक खरी.

तात्पर्य असे, की ढकलणे ही साधी शारीरिक क्रिया प्रत्येक भाषेत शरीराबाहेर पडते आणि माणसामाणसांतील व्यवहारांना नावे देऊ लागते. कोणत्या भाषेत ती कोठे जाऊन पोहोचते, हे पाहण्यासारखे असते.

आता इंग्रजीकडे येऊ. या शब्दांतील भेद ध्यानी घ्यावयाचे असतील तर तीन प्रश्न विचारावेत. धक्का कशाने दिला? कोणत्या बाजूने दिला? आणि धक्का दिल्यावर समोरचा मनुष्य कोणाच्या बळावर हलला, ढकलणाऱ्याच्या की स्वतःच्या?

'पुश' हा या घराण्यातील कर्ता पुरुष. तो फ्रेंचमार्गे लॅटिनमधून आला. नाडीच्या ठोक्यांना इंग्रजीत 'पल्स' म्हणतात. तो शब्द आणि 'पुश' ही एकाच लॅटिन क्रियापदाची लेकरे आहेत. पुशमध्ये तळहात वस्तूला टेकलेला असतो आणि जोर काही काळ चालू राहतो. दार, गाडी, टेबल यांना आपण पुश करतो. बळ सर्वस्वी ढकलणाऱ्याचे असते. म्हणूनच जो सतत पुढे घुसतो, इतरांना रेटतो, त्याला 'पुशी' म्हणतात, आणि ते विशेषण स्तुतीचे नाही.

'शव्ह' हा अस्सल जुना इंग्रजी शब्द. फावड्याला जे 'शॉव्हल' म्हणतात ते याच मुळातले. शव्हमध्ये एकच जोरदार, ओबडधोबड झटका असतो आणि समोरच्याचा विचार मुळीच नसतो. कागद टेबलावरून पुश केला तर तो नुसता पुढे सरकवला. शव्ह केला तर त्यामागचा रागही कळून येतो.

'प्रॉड' आणि 'पोक' यांत तळहात नाहीसा होतो आणि टोक येते. पोक करावयास बोट पुरते. दुसऱ्याच्या कामात नाक खुपसणे, याला इंग्रजीत नाक 'पोक' करणे म्हणतात. येथे दोन्ही भाषांचे नाक एकाच ठिकाणी जाते. प्रॉड करावयास बहुधा काठी लागते, आणि ज्याला प्रॉड करावयाचे तो सुस्त आहे, हे त्यात गृहीत असते. आपले 'डिवचणे' येथे जवळ येते. मात्र प्रॉड केलेला मनुष्य कामाला लागतो, तर डिवचलेला मनुष्य अंगावर येतो. याच कुटुंबातील आणखी एक शब्द 'गोड'. बैल हाकण्याची टोकदार काठी, आपली पराणी, ती इंग्रजीतली गोड. नागरी लिपीत लिहिल्यावर हा शब्द फार फसवा दिसतो. त्याच्यात गोडवा कणभरही नाही.

'जॉग' म्हणजे हलकासा हिसका, पुष्कळदा नकळत बसलेला. शेजाऱ्याचा हात लागला आणि कपातला चहा बशीत सांडला, तो जॉग. इंग्रजीत स्मरणशक्तीलाही जॉग करतात. त्यासाठी आपल्याकडे 'चाळवणे' हे फार सुंदर क्रियापद आहे. झोप चाळवते, भूक चाळवते, जुनी आठवण चाळवते. त्यात कोणी कोणाला ढकलत नाही. आत निजलेले काहीतरी किंचित हलते, इतकेच.

आणि आता 'नज'. हा शब्द इंग्रजीत सतराव्या शतकापासून आढळतो आणि तो उत्तरेकडील स्कँडिनेव्हियन भाषांतून आला असावा, असे अभ्यासक मानतात. नज कोपराने देतात. कोपराने धक्का द्यावयाचा तर मनुष्य शेजारी बसलेला असावा लागतो. मागे उभे राहून किंवा समोरून तो सहजी देता येत नाही. आणि त्याचा जोर इतका कमी असतो की त्याने कोणी जागचे हलत नाही. सभेत आपले नाव पुकारले गेले आणि आपले लक्ष नसले, तर शेजारचा मित्र कोपर लावतो. आपण उठतो, परंतु उठतो ते स्वतःच्या पायांवर. पुशमध्ये बळ ढकलणाऱ्याचे. नजमध्ये बळ उठणाऱ्याचे. या दोन शब्दांतील सारा फरक माझ्या मते येथे आहे. म्हणूनच 'त्याने मला अर्ज करावयास पुश केले' आणि 'त्याने मला अर्ज करावयास नज केले' या दोन वाक्यांतील मनुष्य एक असला तरी अर्ज करण्याची इच्छा दोन ठिकाणी असते. मे महिन्यात येथील इंग्रजी वृत्तपत्रे पारा चाळीस अंशांना 'नज' करीत असल्याचे लिहितात, तेव्हाही त्यांना एवढेच सांगावयाचे असते, की तो शेजारी येऊन टेकला आहे. आपणही म्हणतोच, पारा चाळिशीला टेकला.

'प्रॉम्प्ट' हा याचाच शब्दरूप भाऊ. आपल्या नाटकवेड्या समाजाला प्रॉम्प्टर कोण हे समजावून सांगावयास नको. विंगेत वही घेऊन उभा राहणारा हा मनुष्य चांगला केव्हा? तो पूर्ण वाक्य म्हणू लागला तर नाटक पडले. पहिले दोन शब्द त्याने पुरवावेत आणि गप्प बसावे. उरलेले वाक्य नटाचे. अलीकडे संगणकाला द्यावयाच्या सूचनेलाही प्रॉम्प्ट म्हणतात, तेव्हा तरुण मंडळींना हा शब्द विंगेतून नव्हे तर यंत्रातून परिचयाचा झाला आहे. परंतु अर्थ तोच. आरंभ मी करून देतो, पुढचे तू बोल.

इंग्रजीची ही श्रीमंती पाहून कोणी मराठीस दरिद्री समजू नये. आपले भांडारही काही कमी नाही. 'ढकलणे' हा आपला सर्वसामान्य शब्द, पण त्यात एक प्रकारची अनिच्छा लपलेली आहे. आपण दिवस ढकलतो, सभा पुढे ढकलतो, आणि कच्च्या विद्यार्थ्याला वरच्या वर्गात ढकलतो. 'लोटणे' त्याहून मऊ. 'दार नुसते लोटून घे' असे घरातली वडील मंडळी सांगतात, तेव्हा कडी घालावयाची नसते. बाहेर गेलेले कोणीतरी परत यावयाचे असते. 'सारणे' आणखी हलके. पाहुण्यापुढे ताट सारतात, हातातल्या बांगड्या मागे सारतात, पडदा बाजूला सारतात. 'रेटणे' मात्र जड. त्यात जोर चालूच राहतो आणि पुष्कळांचा मिळून असतो. म्हणून जनमताचा 'रेटा' असतो, आणि ज्याच्याजवळ मुद्दा नसतो तो 'रेटून' बोलतो. वासरू गाईच्या कासेला 'ढुशी' देते, आणि त्या ढुशीने गाय पान्हा सोडते. हक्काने आणि मायेने दिलेल्या धक्क्याला इतका नेमका शब्द मला तरी इंग्रजीत सापडलेला नाही. पाळण्याला आपण धक्का देत नाही, 'झोका' देतो. झोक्याचे गमक त्याच्या जोरात नसून वेळेत असते. पाळणा मागे येऊन परत निघण्याच्या क्षणी एक बोट लावले तरी तो उंच जातो. तो आपल्याकडे येत असताना सारी शक्ती लावली तर तो थांबतो.

शरीर सोडून मनाच्या प्रांतात आल्यावर तर मराठीचा हात कोणी धरू नये. मागे लागणे, गळ घालणे, भरीस घालणे, टुमणे लावणे, तगादा लावणे, लकडा लावणे, भाग पाडणे, उद्युक्त करणे, चालना देणे अशी ही चढती-उतरती भाजणी आहे. आणि या साऱ्यांहून वेगळी, अंधारात उभी असलेली 'फूस लावणे'. फूस लावणारा कधी उजेडात येत नाही. ज्याला फूस लागली त्याला वाटते, हे सारे माझेच मत.

मात्र नेमक्या कोपराच्या धक्क्यापाशी आपण इंग्रजांपासून वेगळे झालो. आपल्याकडे त्याला शब्द आहे 'कोपरखळी'. शब्दशः पाहिले तर हीच नज. अवयव तोच, जोर तोच, शेजारही तोच. परंतु इंग्रजीत नज आठवण करून देण्याकडे वळली, आणि मराठीत कोपरखळी चिमटा काढण्याकडे वळली. आपण लेखकाच्या विनोदातील कोपरखळ्यांना दाद देतो, पंगतीत व्याह्याला कोपरखळी मारतो. ती खेळकर असते, बोचून न बोचल्यासारखी असते, आणि तिला तितक्याच हजरजबाबीपणे उत्तर देण्याची अपेक्षा असते. दोन समान वकुबाच्या माणसांत ती मोठी बहारीची गोष्ट आहे. समोरचा बरोबरीचा नसेल तर काय होते, याकडे मला आपले लक्ष वेधावयाचे आहे. पण त्यापूर्वी नज या शब्दाची अलीकडची कारकीर्द सांगितली पाहिजे.

२००८ साली रिचर्ड थेलर आणि कॅस सन्स्टीन या दोघा अमेरिकन विद्वानांचे 'नज' याच नावाचे पुस्तक प्रसिद्ध झाले. एक अर्थशास्त्राचा प्राध्यापक, दुसरा कायद्याचा. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की मनुष्य पुष्कळदा विचार करून निवड करीत नाही. जे समोर, सोपे आणि सवयीचे असते ते तो उचलतो. तेव्हा हुकूम न काढता, दंड न करता, केवळ मांडणी बदलून त्याला हिताच्या गोष्टीकडे वळविता येते. उपाहारगृहात फळे डोळ्यांसमोर ठेवली तर फळे अधिक घेतली जातात. मिठाईस बंदी घालावी लागत नाही. ज्याला मिठाई हवी त्याने हात लांब करून ती घ्यावी. थेलर यांना २०१७ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि आपल्या केंद्र सरकारच्या २०१८-१९ च्या आर्थिक पाहणी अहवालातही या विचारासाठी एक स्वतंत्र प्रकरण देण्यात आले. सतराव्या शतकातील कोपराचा धक्का असा थेट अर्थमंत्रालयात जाऊन बसला.

या विचारावर टीकाही झाली, आणि ती विचारात घेण्याजोगी आहे. लोकांच्या नकळत त्यांना वळविणे म्हणजे त्यांना फूस लावणेच नव्हे काय? यासाठी त्या ग्रंथकारांनी एक कसोटी घालून दिली आहे. जी गोष्ट आपण लोकांना उघडपणे सांगू शकणार नाही, ती करू नये. नज आणि फूस यांतील सीमारेषा हीच. नज देणारा शेजारी बसलेला असतो, आणि कोपर कोणाचे हे आपल्याला ठाऊक असते.

बंधुभगिनींनो, आता आरंभी ज्या प्रश्नाचा उल्लेख केला त्याकडे येतो. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी असे एक मूल आहे, ज्याला मराठी सारे समजते, पण जे उत्तर इंग्रजीत किंवा तमिळमध्ये देते. आजी मराठीत विचारते, नातू इंग्रजीत सांगतो, आणि दोघांच्या मध्ये बसून आई दुभाष्याचे काम करते. या मुलाला आपण मराठीकडे नेऊ पाहतो. प्रश्न असा, की वर सांगितलेल्या साऱ्या शब्दांपैकी कोणता शब्द आपण वापरतो?

पुष्कळ घरांत प्रथम रेटा येतो. 'या घरात मराठीच बोलायचे' असा हुकूम निघतो. काही दिवस तो पाळला जातो. मग मूल मराठी बोलू लागते असे नाही. ते घरात कमी बोलू लागते. रेट्याने मागितलेले वाक्य तो रेटा आहे तोवरच टिकते, कारण त्यातले बळ मुलाचे नसते.

रेटा फसला की येते कोपरखळी, आणि येथे मला सर्वांत अधिक धोका दिसतो. मराठीत तीन लिंगे आहेत. कागद तो, वही ती, आणि पुस्तक ते. यास कोणताही तर्क नाही; आपण ते दुधाबरोबर प्यालो. तमिळमध्ये निर्जीव वस्तूंना असे निरनिराळे लिंग नाही. कागद, वही, पुस्तक सारे एकाच वर्गात. इंग्रजीतही तेच. तेव्हा चेन्नईत वाढलेला मुलगा 'माझा पुस्तक कुठे आहे?' असे विचारतो, ते अगदी स्वाभाविक आहे. तो दोन भाषांचा नियम तिसऱ्या भाषेस लावीत असतो. परंतु पुण्याहून किंवा नागपूरहून सुट्टीत आलेली आपली प्रेमळ मंडळी त्यावर हसतात. कोणी म्हणते, 'अरे, हा तर मद्रासी झाला!' कोणी ते वाक्य जेवणाच्या पंगतीत पुन्हा सांगते. कोणाच्या मनात वाईट काही नसते. ती नुसती कोपरखळी असते. पण मघाशी म्हटल्याप्रमाणे कोपरखळीस कोपरखळीने उत्तर देता आले पाहिजे, आणि त्या मुलाजवळ उत्तर देण्यापुरते मराठी नाही. त्याच्याजवळ एकच उत्तर असते, ते म्हणजे पुढच्या खेपेस ते वाक्य इंग्रजीत म्हणणे. इंग्रजीत त्याला कोणी हसत नाही.

त्याच ठिकाणी नज कशी असते पाहा. मुलगा विचारतो, 'माझा पुस्तक कुठे आहे?' आणि आई सहज म्हणते, 'तुझं पुस्तक ना? ते बघ, टेबलावर आहे.' तिने चूक दाखविली नाही, हसली नाही, व्याकरण सांगितले नाही. तिने योग्य रूप शेजारी ठेवले आणि संभाषण पुढे जाऊ दिले. मुलाला पुस्तक मिळाले, आणि त्याच्या कानावर 'तुझं पुस्तक' पडले. असे शेकडो वेळा झाले की एके दिवशी ते रूप त्याच्या तोंडून आपोआप बाहेर पडते. हे विंगेतल्या प्रॉम्प्टरचे काम आहे. दोन शब्द पुरवावयाचे आणि नटाला बोलू द्यावयाचे.

मांडणीचेही तसेच. मराठी पुस्तके काचेच्या कपाटात वरच्या फळीवर आणि इंग्रजी मासिके कोचावर, अशी मांडणी असेल तर निवड आपण आधीच करून ठेवलेली असते. आजीला फोन लावून मुलाच्या हाती देऊन स्वयंपाकघरात निघून जाणे, ही एक उत्तम नज आहे, कारण मध्ये दुभाषी उरत नाही. किराण्याची यादी त्याच्याकडून मराठीत लिहवून घेणे, मग ती कितीही अशुद्ध असो, ही दुसरी. भाषेची गरज भासली की मूल भाषेस वासरासारखी ढुशी देते, आणि मग पान्हा फुटतो. आणि यात लपवाछपवी नको. 'तुला मराठी यावे असे आम्हांला वाटते, आजीशी तुला बोलता यावे म्हणून,' हे मुलाला उघडपणे सांगावे. मुलांना फूस चटकन ओळखू येते.

हे नुसते मनोराज्य आहे असे कोणास वाटेल. त्यांना मी तंजावरकडे पाहावयास सांगेन; ते काही येथून फार दूर नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजांनी तेथे भोसल्यांची गादी स्थापिली. त्या दरबाराने मराठीस राजाश्रय दिला. दुसरे सरफोजीराजे यांनी बृहदीश्वराच्या मंदिरात १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरविला, आणि सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखिते व मोडी कागदपत्रे आजही जतन केलेली आहेत. १८५५ साली शेवटचे राजे शिवाजी हे पुत्र मागे न ठेवता निवर्तले आणि ते राज्य संपले. त्यानंतर तेथे मराठीमागे कोणताही रेटा उरला नाही. ना दरबार, ना मराठी शाळांची साखळी, ना वृत्तपत्र. आणि तरीही तंजावरी मराठी बोलली जात राहिली. कुंभकोणमला १८२८ साली जन्मलेले आणि या मद्रासेत शिकलेले सर टी. माधवराव याच समाजातले. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तीन संस्थानांची दिवाणगिरी त्यांनी केली. १८८७ साली मद्रासेत राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले तेव्हा स्वागत समितीचे अध्यक्षही तेच होते. घराबाहेर त्यांच्या समाजाचा सारा व्यवहार तमिळ आणि इंग्रजीत. घरात मात्र मराठी.

त्या मराठीत तमिळ शब्द मिसळले, उच्चार बदलले, आणि पुण्याच्या कानाला ती वेगळी वाटते. आजच्या पिढीत तिचे बोलणारे घटत आहेत, हेही खरे. पण राज्य गेल्यावर दीड शतकाहून अधिक काळ एक भाषा केवळ माजघराच्या आधारावर टिकते, याचा अर्थ काय? राजदरबाराच्या बळाने ती कोरली गेली. पण जगली ती आई लेकराशी, सासू सुनेशी, भाऊ बहिणीशी रोज बोलत राहिल्यामुळे. पाळण्याला वेळेवर लागणारे बोट तेथे होते. आणि त्या घरांनी आपली मराठी पुण्याच्या तराजूत तोलून हसण्यावारी नेली असती, तर ती तेव्हाच मुकी झाली असती.

शेवटी एक शब्द आपल्या मैदानावरचा. खो-खो हा आपल्या मातीतला खेळ. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने गेल्या शतकाच्या आरंभी त्याला नियमबद्ध केले, आणि २०२५ च्या जानेवारीत दिल्लीस त्याची पहिली विश्वचषक स्पर्धा होऊन भारताच्या पुरुष व महिला या दोन्ही संघांनी ती जिंकली. त्यातला 'खो' म्हणजे तरी काय? बसलेल्या गड्याच्या पाठीला हाताचा स्पर्श आणि मोठ्याने उच्चारलेला एक शब्द. तो चोरून देता येत नाही. सर्वांना ऐकू जावा लागतो. तो स्पर्श कोणाला ढकलीत नाही. उठून धावावयाचे ते त्या गड्याने स्वतःच्या पायांनी. आणि सर्वांत महत्त्वाचा नियम असा, की खो देणाऱ्याने ताबडतोब त्या गड्याच्या जागी बसावयाचे असते. खो देऊन जो स्वतःच धावत राहील, त्याने खेळ मोडला. गंमत अशी, की आपल्याच भाषेत 'खो घालणे' याचा अर्थ मात्र कामात विघ्न आणणे असा झाला आहे. देणे आणि घालणे, एवढाच फरक.

आपले मंडळ पन्नास वर्षांचे झाले. ज्यांनी ते उभारले, चालविले, गणेशोत्सवाचे मांडव घातले, नाटके बसविली, त्यांच्यापैकी पुष्कळजण येथे पुढच्या रांगांत बसलेले आहेत. मागच्या रांगांत तरुण मंडळी आहेत. काहींची मराठी अडखळणारी आहे, काहींना या भाषणातले अर्धे शब्द नवे वाटले असतील. पुढल्या वर्षीच्या कार्यक्रमाचे निवेदन त्यांच्यापैकी कोणाला द्यावे, हा प्रश्न कार्यकारिणीपुढे येईलच. तेव्हा शुद्धलेखनाची परीक्षा घेऊ नये. त्या मुलाच्या किंवा मुलीच्या पाठीला हात लावावा, स्वच्छ आवाजात 'खो' म्हणावे, आणि तिच्या रिकाम्या झालेल्या जागेवर, मागच्या रांगेत जाऊन बसावे. ती व्यासपीठावरून 'आजचा नाटक' म्हणाली, तरी कोणी हसू नये. कार्यक्रम संपल्यावर चहाच्या वेळी तिला एवढेच म्हणावे, 'आजचं नाटक छान झालं, नाही?'